पुराच्या रेघेखालची भिंत

पुण्यात नदीकडच्या पेठेतल्या त्या वाड्यावर ‘धोकादायक’ असा कागद लागला होता. वारसा यादीत नाव नाही, चौकातल्या भिंतीनं पोट काढलेलं. वाडा तपासायला मला बोलावलं होतं; माझा अहवाल गेला की वाडा पाडायचा, हे घरात बहुतेक ठरूनच गेलं होतं.

आत गेले आणि मोजपट्टी हातातच राहिली. घडीव दगडाचं जोतं, त्यावर चपट्या विटांचं काम, सुरूच्या घाटाचे सागवानी खांब आणि वर कोरलेली केळफुलं. पेशव्यांच्या १८०७ च्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावर आपण माना वर करून पाहतो, त्याच घराण्यातलं काम. राजवाड्याचं जतन होतं, पण साध्या गृहस्थाच्या घरातही सुतार असा हात चालवत होता, हे सांगायला असेच वाडे उरलेत. मला ते जास्त मोलाचे वाटतात.

आता मुद्दा भिंतीचा. अशा वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांब-तुळयांवर असतो, विटा त्या सांगाड्यात भरलेल्या. त्यामुळे भिंत फुगली म्हणजे वाडा संपला असं होत नाही. खांब काय म्हणतोय ते बघावं लागतं.

पाहताना लक्षात आलं, छातीच्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे आणि त्यावर जुना चुन्याचा. मधली रेघ चारही भिंतींवर अगदी सरळ. मी विचारण्याआधीच घरातल्या आजी म्हणाल्या, “पानशेत धरण फुटलं, त्याचं पाणी तिथवर होतं गं. एकसष्ट साली. माझ्या लग्नाला वर्षच झालं होतं. पाणी ओसरल्यावर मामंजींनी सिमेंट करून घेतलं, पुन्हा ओल नको म्हणून.”

पण ओल जमिनीतूनही चढते. चुना तिला बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून धरतं. गवंडीकाकांनी छिन्नी लावली, तर हातभर खपली एकदम सुटून आली. मागच्या विटा ओल्या, क्षारांचा लोणा लागून भुगा झालेल्या. भिंतीत लपलेल्या खांबाचा बुंधा तळखड्याजवळ, म्हणजे खालच्या बैठकीच्या दगडाजवळ, भिजलेल्या भुशासारखा. छिन्नी मुठीपर्यंत आत गेली. काकांनी मग रेघेच्या वरची एक वीट काढली आणि दुसरीवर वाजवली. खणखणीत! एकाच भिंतीतल्या, एकाच वेळी लावलेल्या विटा. “मॅडम, भिंत म्हातारी नाही झाली, घुसमटलीय,” काका म्हणाले.

अहवालात मी लिहिलं: आधी तुळईला टेकू द्या, सिमेंट पूर्ण काढा, बुंध्याचा कुजका भाग कापून सागाचा जोड द्या, गिलावा चुन्याचा करा. मागची पडवी वाचणार नाही, हेही लिहिलं. धाकट्या मुलाला ते पटलेलं नाही, त्याला फ्लॅट हवाय. त्याच्या अडचणी मला कळतात.

टेकू त्याच संध्याकाळी लागले. दोन दिवसांनी गेले, तर उघड्या विटांवर पांढरी पूड फुलून आली होती. आजींनी ती बोटावर घेऊन जिभेला लावली.

“खारट आहे,” त्या म्हणाल्या.