यादीत गेला की धूमकेतूचा टाइप गायब: चोर सापडला

निरीक्षणवही या माझ्या जावा प्रोग्रामचं सिरियलायझेशन (आकाशनिरीक्षणांच्या नोंदी मजकुरात बदलून पाठवणं) संपलं, असं मागच्या खेपेला छातीठोकपणे लिहिलं होतं. शब्द मागे घेतो.

चार रात्री यात गेल्या. एकच नोंद मागवली की जेसनमध्ये (त्या मजकुराच्या साच्यात) "टाइप":"धूमकेतू" व्यवस्थित येतो. तीच नोंद यादीतून आली की टाइप नाही, आणि क्लायंटवर (नोंदी मागवणाऱ्या बाजूला) जॅक्सनची, म्हणजे जेसन लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लायब्ररीची, ओरड: मिसिंग टाइप आयडी. जेसनटाइपइन्फो (टाइप लिहायला सांगणारी खूण) निरीक्षण या बेस क्लासवर आहे, धूमकेतूसारखे सबटाइप नोंदवलेत. यादीनंच काय घोडं मारलं?

मॅपर बदलून पाहिला, व्हर्जन मागेपुढे केलं. शेवटी गिट बायसेक्ट (बिघाड कोणत्या बदलानं आला ते शोधणारी आज्ञा) लावलं तर गुन्हेगार माझाच कमिट, ईटॅगवाला (उत्तराची आवृत्ती सांगणारा हेडर)! आधी मेथड थेट लिस्ट<निरीक्षण> परत करायची. हेडर लावायचा म्हणून ती मी रिस्पॉन्स.ओके(यादी) मध्ये गुंडाळली. थेट परत केली की जर्सी (सर्व्हरवरचं वेब फ्रेमवर्क) मेथडच्या रिटर्न टाइपमधून जेनेरिक, म्हणजे यादी कशाची ते, वाचून जॅक्सनला देते. गुंडाळल्यावर उरते नुसती अ‍ॅरेलिस्ट, कशाची ते इरेझरनं (जेनेरिक रनटाइमला न ठेवण्याची जावाची रीत) पुसलेलं. टाइप आयडी लिहायचा की नाही, हे जॅक्सन यादीच्या घोषित टाइपवरून ठरवतो. तोच नाही, म्हणून त्यानं टाइप आयडी गुपचूप गाळला. एक वॉर्निंग तरी द्यायची, बाबा!

टूअ‍ॅरे(न्यू निरीक्षण[०]) करून यादीचा अ‍ॅरे बनवला आणि कर्ल या आज्ञेनं तो मागवला. टाइप हजर! आपल्यात कोणत्या क्लासच्या वस्तू आहेत, हे अ‍ॅरेला रनटाइमलाही ठाऊक असतं. रात्री दोनला एकटाच हसलो. जेनेरिकएंटिटीनंही (जेनेरिक सोबत नेणारं वेष्टन) भागतं, पण त्यामागचा तो रिकामा महिरपी कंस मला बघवत नाही. क्लायंटवरही निरीक्षण[].क्लास दिला की झालं, लिस्ट.क्लास दिला तर निरीक्षणांऐवजी नुसते लिंक्डहॅशमॅप हाती येतात आणि क्लासकास्टची चूक पडते, तो मार मी आधी खाल्लाय.

तर आता सगळीकडे अ‍ॅरे... थांबा. लिहिता लिहिता पेजिंग (यादी पानापानानं पाठवणं) आठवलं. उघड्या अ‍ॅरेत पुढच्या पानाचा दुवा ठेवू कुठे? ‘पान’ नावाचा क्लास लागणारच, आणि त्यात लिस्ट<निरीक्षण> हे फील्ड. फील्डवरचं जेनेरिक क्लास फाइलमध्ये शाबूत राहतं, जॅक्सन ते वाचतो. म्हणजे अ‍ॅरेही नको आणि तो कंसही नको! कालचा टूअ‍ॅरे रिव्हर्ट. पान रेकॉर्डच (जावाचा आटोपशीर डेटा-क्लास) करतो, जॅक्सन २.१२ पासून ते सरळ चालतात.

जॅक्सबीची (एक्सएमएल लिहिणाऱ्या लायब्ररीची) एक्सएमएल शाखा जावाच्या जेडीके ११ च्या पुढे गेल्यापासून मोडून पडलीय, तिला इतक्यात हात लावत नाही. आज रात्री पानाच्या टेस्ट: रिकामी यादी, आणि एकटा धूमकेतू असलेली.