फळ न धरणारी रासबेरी

लंडनच्या वायव्येला हॅरो भागात राहणाऱ्या एका निवृत्त मराठी दांपत्याने फेब्रुवारीत मला बोलावले, ते रासबेरी मुळासकट काढून टाकण्यासाठी. घरामागची बाग चिंचोळी होती. कुंपणाला लागून जेमतेम मीटरभर रुंदीचा वाफा, त्यात पुरुषभर उंच काठ्यांची दाटी आणि त्यांचे धुमारे हिरवळीत, शिवाय कुंपणाखालून शेजाऱ्यांकडेही पोचलेले. “नुसता पाला माजतो, फळाचं नाव नाही. उपटून टाक आणि माझ्या मेथी-कोथिंबिरीला जागा करून दे,” असे काकूंनी सांगितले.

उपटण्याचे काम सोपे असते आणि त्याचे पैसेही चोख मिळतात. परंतु इतके जोमदार रोप वर्षानुवर्षे फळ धरत नाही, याचे कारण पाहिल्याशिवाय फावडे लावणे मला पटेना. काठ्यांची साल फिकट तपकिरी होती, त्यांवर काटे जवळजवळ नव्हते आणि शेंडे शाबूत होते. रासबेरी तोडली की फळ पोकळ निघते व त्याचा पांढरट गाभा देठावरच राहतो. शरद ऋतूत फळणाऱ्या जातींच्या शेंड्यांवर असे वाळलेले देठ आणि गाभे हिवाळ्यातही दिसतात. येथे त्यांचा मागमूस नव्हता. जमिनीलगत मात्र सपाट कापलेले जुने खुंट होते. चौकशी केल्यावर काकांनी सांगितले, की दर हिवाळ्यात एक माळी येऊन सगळे जमिनीलगत कापून जात असे, यंदा तो आला नव्हता.

तेथेच उलगडा झाला. रासबेरीचे मूळ वर्षानुवर्षे जगते, पण प्रत्येक काठीचे आयुष्य दोनच वर्षांचे. उन्हाळी जातींची काठी पहिल्या वर्षी फक्त वाढते आणि दुसऱ्या वर्षी फळून मरते. शरदातल्या जाती पहिल्याच वर्षीच्या काठीवर फळतात, म्हणून त्या फेब्रुवारीत सरसकट कापल्या तरी बिघडत नाही. माळ्याने ही दुसरी रीत पहिल्या जातीला लावली होती, त्यामुळे फळायची वेळ येण्याआधीच दरवर्षी काठी जात होती. काकांनी शेडमधल्या खोक्यातून रोपाची जुनी चिठ्ठी शोधून आणली, तिच्यावर ‘ग्लेन अँपल’ असे नाव होते. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळच्या इन्व्हरगाउरी येथे तयार झालेली, बिनकाट्यांची ही उन्हाळी जात. “काकू, यंदा या काठ्यांना हात लावू नका. जुलैपर्यंत थांबा,” असे मी म्हटले, त्यांचा विश्वास बसला नाही, पण काकांनी शब्द टाकला.

जागेचा प्रश्न उरला होताच. वाफ्याच्या दोन टोकांना खांब रोवून ७५, १०५ आणि १६५ सेंटिमीटर उंचीवर तारा ताणल्या, मरतुकड्या काठ्या काढल्या आणि उरलेल्या काठ्या तारांवर सुमारे १० सेंटिमीटर अंतराने बांधल्या. त्यामुळे सगळी झाडी कुंपणालगत एका रांगेत आली. धुमारे खणून काढले आणि कुंपणाच्या बाजूने जुन्या फरशा जमिनीत उभ्या गाडल्या. रासबेरीच्या मुळ्या वरवर पसरतात, म्हणून वाफा खुरपण्याऐवजी त्यावर कंपोस्टचे जाड आच्छादन घातले. लंडनच्या चिकणमातीत पाणी साचून मुळे कुजण्याची धास्तीही असतेच. कोथिंबिरीसाठी लांबट कुंड्या मांडल्या. काकांच्या हौसेखातर स्वयंपाकघराच्या दाराशी मोठ्या कुंडीत ‘ऑटम ब्लिस’ ही शरदातली जात लावली. तिला पावसाचे साठवलेले पाणी घालायला सांगितले, कारण येथील नळाचे पाणी चुनखडीचे आहे आणि रासबेरीला किंचित आम्ल माती मानवते.

जुलैत काकूंचा फोन आला, की रोज वाडगाभर फळे निघत आहेत आणि महाबळेश्वरला खाल्लेल्या रासबेरीपेक्षा ती गोड आहेत. हंगाम संपल्यावर मी छाटणी दाखवायला गेलो, तेव्हा फळलेल्या काठ्या जमिनीलगत कापायच्या आणि त्यांच्या जागी नव्या हिरव्या बांधायच्या, हे काही त्यांच्या गळी उतरेना. “ज्यांनी फळं दिली त्यांनाच कापायचं? आणि ज्यांनी काही दिलं नाही त्या ठेवायच्या?” असे म्हणत त्या वाद घालत राहिल्या. अखेर काकांनी कात्री हातात घेतली.