जॉन लॉर्डच्या जागी बसताना

डीप पर्पल या सत्तरच्या दशकात गाजलेल्या ब्रिटिश रॉक बँडची गाणी वाजवणाऱ्या ट्रिब्यूट बँडला गिटारवाल्यांचा तुटवडा कधीच नसतो. अडतं ते ऑर्गनपाशी. माझी वर्णी लागली ती त्यामुळेच. बाकी चौघं आधीपासून पक्के होते. मला फोनवर आलेला पहिला प्रश्न "किती वर्षं वाजवतोस?" असा नव्हता, "आवाज कसा काढणार?" असा होता.

प्रश्न रास्त होता. मूळ बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड. त्याने आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून काढला, आणि चर्चमध्ये शोभणारं ते वाद्य बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या गिटारच्या तोडीस तोड गुरगुरायला लागलं. त्याच्या ऑर्गनचं सी-3 हे मॉडेल दोनशे किलोच्या घरात जातं. ते उचलून नेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून मी त्याच आवाजाची नक्कल करणारा, नऊ ड्रॉबारचा (आवाजाचा पोत ठरवणाऱ्या ओढायच्या दांड्यांचा) हलका क्लोन घेतला आणि त्याला आवाज खरखरीत करणारं ओव्हरड्राइव्ह पेडल जोडलं. पहिले तीन ड्रॉबार पूर्ण ओढायचे, बाकीचे आत ढकलायचे आणि तिथून पुढे कानाने जायचं.

आवाज जमला तरी हात जमायला वेळ लागला. मी मुळात पियानोवाला. ऑर्गनची पट्टी दाणकन दाबा की हळुवार, आवाज तेवढाच येतो. लहान-मोठं करायचं ते उजव्या पायाखालच्या पेडलने. पेटी वाजवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, तिथे भाता करतो ते इथे पाय. खरी मेख 'पर्कशन' नावाच्या सोयीत आहे. सुराच्या सुरुवातीला येणारा तो 'टक्' फक्त पहिल्या पट्टीला मिळतो. सगळी बोटं उचलल्याशिवाय तो परत येत नाही. म्हणजे पियानोसारखं सूर एकमेकांना चिकटवून वाजवलं की लॉर्डची धार गायब! मी काही आठवडे नुसती बोटं उचलायला शिकत होतो.

दुसरी गोष्ट कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांची. ओव्हरड्राइव्हमधून तीन-चार सुरांची भरगच्च कॉर्ड वाजवली की नुसता चिखल होतो. 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून, दोन-दोन सुरांचा, सा-म इतक्या अंतरावरचा आहे, आणि तेवढा बाज घाणेरड्या आवाजातही स्वच्छ राहतो. ब्लॅकमोर तो पिकने नाही, बोटांनी वाजवतो. आमच्या गिटारवाल्याने हट्टाने तसंच वाजवायला घेतलं आणि मग कुठे ऑर्गन आणि गिटार एका दमात उमटायला लागले. डावा हात मी बेसच्या वाटेतून जवळजवळ काढूनच घेतला.

यापुढचा वाद मात्र बोटांचा नव्हता. वाजवायचं नेमकं कुठलं? 'मशीन हेड' अल्बममधली स्टुडिओतली गाणी, की मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला 'मेड इन जपान'? दोन्ही अल्बम 1972 सालचे. पण 'स्पेस ट्रकिन' हे गाणं स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे आणि जपानच्या मैफलीत वीस मिनिटांच्या आसपास जातं. येणारे रसिक बहुतेक जपानवाले. त्यांना तो अल्बम मुखोद्गत असतो, मधल्या टाळ्यांसकट. आता गंमत बघा. ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियोत त्या पाच जणांनी बरंचसं तिथल्या तिथे सुचलं तसं वाजवलं. दुसऱ्या रात्री ते वेगळं वाजलं असणार. आणि आपण मात्र त्यातला एकेक सूर हेडफोन लावून, वेग निम्मा करून घोकत बसायचं. ड्रमवाल्याचं म्हणणं, लोक त्याचसाठी येतात. माझं म्हणणं, उत्स्फूर्त वाजवणाऱ्यांची हुबेहूब नक्कल म्हणजे त्यांच्यातलं नेमकं तेच गाळून टाकणं. बरीच खडाजंगी झाली.

तोडगा तालमीतच निघाला. 'हायवे स्टार'चा ऑर्गन सोलो अक्षरशः लिहिल्यासारखा वाजवायचा, कारण तो रचलेलाच आहे, बाखच्या वळणाच्या कॉर्डवर बांधलेला. तिथे स्वातंत्र्य घेणं म्हणजे आगाऊपणा. 'लेझी'च्या सुरुवातीचा ऑर्गन मोकळा. ठरलेल्या दोन-तीन खुणा तेवढ्या यायला हव्यात, मधलं माझं.

गायकाचं दुखणं वेगळंच. मूळ गायक इयन गिलनच्या 'चाइल्ड इन टाइम'मधल्या किंकाळ्या रोज काढायच्या म्हटलं तर गळा राहणार नाही. खुद्द डीप पर्पलनेही ते गाणं पुढे मैफलीत वाजवणं सोडलं. आम्ही सगळं अर्धा स्वर खाली आणलं. गिटारी उतरवल्या, मी सगळे सूर खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबलं. बोटांखाली जी मायनर आणि कानात एफ शार्प मायनर, याची सवय होईपर्यंत डोकं भणभणायचं.

कागदपत्रांचं फार काही नाही. दुसऱ्याची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवण्याचा परवाना बहुधा आयोजक किंवा सभागृह काढतं. आपण गाण्यांची यादी द्यायची, आणि परवाना काढला आहे ना, हे आधीच विचारून घ्यायचं. पोस्टरवर 'ट्रिब्यूट' हा शब्द मोठ्या अक्षरांत हवा. मूळ बँडच येतोय असं कुणाला वाटायला नको.

पहिल्या कार्यक्रमानंतर एक गृहस्थ मुद्दाम मागे भेटायला आले. म्हणाले, "हायवे स्टार एक नंबर. पण लेझीत तुम्ही ते तिसऱ्या मिनिटाचं गाळलंत." तिसऱ्या मिनिटाचं! ड्रमवाल्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तेवढ्यात त्या गृहस्थांसोबतच्या बाई म्हणाल्या, "मला तर तेच आवडलं, आता काय येणार कळत नव्हतं."

वाद मिटलेला नाही. पुढच्या कार्यक्रमात 'स्पेस ट्रकिन'चा मधला भाग मोकळा सोडून बघायचं ठरलंय. परत कधी यायचं ते बेसवाला मान हलवून सांगेल. ड्रमवाल्याची एकच अट आहे, दहा मिनिटांच्या आत.