माल माझाच हाय!

सांगलीकडच्या एका खानावळीत जन्मभर भाकऱ्या थापलेल्या मावशी. तक्रार एकच, सांडशी धरवत नाही. अंगठ्याच्या बुडाचा सांधा पार झिजलेला. दाबून फिरवला की करकरायचा. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर या इवल्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. पट्टा बांधून झाला, स्टेरॉइडचं इंजेक्शनही झालं. काही महिने बरं, मग पुन्हा तेच.

मुलानं मोबाइलवर जाहिरात दाखवली. पोटाची चरबी काढायची, त्यातल्या मूळपेशी सांध्यात सोडायच्या, की कूर्चा, म्हणजे सांध्यातली गुळगुळीत गादी, नवी! म्हटलं, कूर्चा अशी उगवते याला भरवशाचा पुरावा नाही. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असले उपचार मंजूर संशोधनाबाहेर करताच येत नाहीत. ‘तुमच्याच शरीरातलं’ म्हटलं की लोक निर्धास्त होतात, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

अंगचंच वापरायचं तर एक जुनी शस्त्रक्रिया आहे. अंगठ्याच्या बुडाशी असलेलं, झिजलेलं ट्रॅपेझियम हाड काढायचं. मनगटाच्या एका शिरेची (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) अर्धी पट्टी सोडवून अंगठ्याच्या हाडात ओवायची, म्हणजे तो खाली घसरत नाही. उरलेल्या पट्टीची वळकटी हाडाच्या रिकाम्या जागेत ठेवायची. बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी १९८६ मध्ये ही पद्धत मांडली.

काखेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला होता, त्यामुळे मावशी टक्क जाग्या. ट्रॅपेझियमला लगटून धमनी जाते, तिला जपत हाड तुकड्यातुकड्यानं काढताना मी गप्प होतो. शीर हातात आली तशी पडद्यापलीकडून फर्माइश झाली, “दावा की मला.” पांढरी, चकाकती पट्टी वर धरली.

“माझीच शीर माझ्याच हातात घालणार म्हणा की! मग बिल कमी लावा डाक्टर, माल माझाच हाय.”

भूलतज्ज्ञ मॅडमना हसू आवरेना. खरं तर शीर न भरता नुसतं हाड काढलं तरी दुखणं जवळपास तितकंच कमी होतं, असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलंय. माझा हात मात्र अजून शिरेकडेच जातो.

प्लास्टर निघालं, व्यायाम सुरू झाले. सहा महिन्यांनी कळ गेली होती, जोर पुरता आला नव्हता. भाकरी थापतात, पण पिठाची परात उचलायला सुनेला हाक मारावी लागते. त्याचा मावशींना आता दुखण्यापेक्षा जास्त राग येतो.