गाडी जळल्यावरच का येते? तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या उन्हाळ्यात मामेभावाच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. मी नगर परिषदेच्या अग्निशमनमध्ये आहे हे शेजारच्या काकांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "भाऊ, एक सांगा. तुमची गाडी सारं जळून गेल्यावरच कावून येते?" त्यांची तुरीची गंजी त्याच वर्षी जळली होती, हे मला नंतर कळलं.

अठरा वर्षं झाली, हा प्रश्न मला विचारला जातो आहे. गाडीतून उतरल्या उतरल्या "आता राख भराले आले का?" असंही ऐकलं आहे. ज्याचा वर्षाचा घास जळाला त्याला तसं बोलण्याचा हक्क आहे. त्या दिवशी पंगतीत काकांना धड उत्तर देता आलं नाही, ते आता देतो.

आमच्या तालुक्याला गाडी एकच. तिच्यापासून शेवटचं गाव ४१ किलोमीटरवर. ग्रामीण भागात २० मिनिटांत गाडी पोहोचावी, असा देशपातळीवरच्या अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष आहे. शहरासाठी तोच ५ ते ७ मिनिटांचा आहे. पाण्याने भरलेली आमची गाडी दहा टनांच्या वर जाते. वळणावर, पुलावर, आठवडी बाजाराच्या गर्दीत ती जपूनच हाकावी लागते, नाहीतर टाकीतलं पाणी हिंदकळून गाडीच उलटायची. रस्ता चांगला मिळाला तरी त्या गावाला पोहोचायला पाऊण तास लागतो.

मग गाडी एकच का? १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली, तिने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या यादीत घातली. त्याच वेळी ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत. शेती आहे, पशुसंवर्धन आहे, पिण्याचं पाणी आहे, रस्ते आहेत. आग नाही. कुटार (भुसा) गावात, गोठे गावात, गंज्या गावात, आणि ते विझवणारी गाडी मात्र शहराच्या हद्दीसाठी घेतलेली. हद्दीबाहेर जायचं तर साहेबांना कळवावं लागतं. आम्ही आधी निघतो आणि वाटेत फोन करतो. पण आम्ही गावाकडे असताना शहरात काही पेटलं तर काय, ही धाकधूक परत येईपर्यंत जात नाही.

फोनही उशिराच येतो. यात दोष कुणाचाच नाही. आग दिसली की माणूस आधी दावं तोडतो, बैल बाहेर काढतो, मग बादली शोधतो. फोन सुचेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं निघून गेलेली असतात. त्यात मोबाईलवरून १०१ लावला तर आमच्याकडे तो कधी जिल्ह्याच्याच ठिकाणी लागतो. तिथून आमच्यापर्यंत निरोप येतो तो फक्त गावाच्या नावाचा, आणि त्या नावाची तालुक्यात तीन गावं. खुर्द की बुद्रुक, हे विचारायला परत फोन करावा तर फोन करणारा बादल्या वाहत असतो. शेतातली आग असेल तर शेवटचा एक किलोमीटर पांदणीचा, म्हणजे कच्च्या शेतवाटेचा. दिवाळीच्या सुमारास, सोयाबीन निघून गंज्या लागलेल्या असतात तेव्हा, आमच्या काळ्या मातीत ही गाडी चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतते. एकदा ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली, तोवर दीडशे पावलांवर गंजीचा लाल कोळसा झालेला आम्ही पाहत होतो. त्या शेतकऱ्यानेच ट्रॅक्टर आणला होता.

अंतर कमी करणं माझ्या हातात नाही. मला बोलायचं आहे ते पाण्याबद्दल, कारण काकांनी विचारलं नाही तरी गाडी वेळेवर पोहोचलेल्या दिवशीही आम्ही हरलेलो आहोत.

आमच्या गाडीत ४,५०० लिटर पाणी बसतं. २० मिलिमीटरच्या नोझलने चांगल्या दाबावर मारलं तर मिनिटाला ७०० लिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणजे एक लाइन, म्हणजे एकच पाइप, चालवली तर साडेसहा मिनिटं, दोन चालवल्या तर तीन-सव्वातीन. एवढंच पाणी घेऊन आम्ही ४१ किलोमीटर येतो. म्हणून फवारा बारीक करून, जपून, जिथे वाचवण्यासारखं आहे तिथेच मारतो. लोकांना वाटतं आम्ही हात आखडतोय. "मारा ना जोरात!" म्हणून ओरडतात. पण जोरात मारलं तर सातव्या मिनिटाला हातात रिकामा पाइप असतो.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका गावात गोठ्याला आग लागली. त्या दिवशी आम्ही जवळच होतो, पंचवीस मिनिटांत पोहोचलो. गोठा, त्याला लागून कुटाराचा ढीग, पलीकडे कवेलूची चार घरं. गाडीतलं पाणी संपेपर्यंत घरांकडची बाजू आम्ही धरून ठेवली. पाणी संपलं. पन्नास पावलांवर विहीर होती. गाडी काठाला नेली, पाणी ओढायचा सक्शन पाइप सोडला, त्यातली हवा काढणारा प्रायमर चालवला, पण पंप पाणी धरेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मागून कुणीतरी म्हणालं, "मशीन खराब हाये यायची."

मशीन चांगली होती. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो पायपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. ही ताकद कागदावर ३३-३४ फुटांची आणि प्रत्यक्षात २५ फुटांच्या आसपास संपते. इंजिन कितीही मोठं लावा, त्याच्या पुढे पाणी चढत नाही. आणि त्या विहिरीत पाणी होतं ४० फुटांवर. पावसाळ्यात जी विहीर आम्हाला पाणी देते तीच उन्हाळ्यात देत नाही, आणि आमच्याकडे आगी लागतात त्या उन्हाळ्यात. विहिरीत पाण्याखाली सोडलेली मोटर होती, ती खालून पाणी ढकलते, तिला खोलीची अडचण नाही. पण त्या वेळी थ्री फेज नव्हती.

गावाच्या मधोमध पाण्याची उंच टाकी उभी होती. ५० हजार लिटरची, त्याच सकाळी भरलेली. आम्ही तिच्या खाली गाडी लावली. टाकीच्या पायपाला फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) आणि चाकाचा व्हॉल्व्ह. आमच्या होजला, म्हणजे पाणी मारायच्या पायपाला, ६३ मिलिमीटरची कपलिंग (जोड), एक नर एक मादी, झटक्यात बसते आणि झटक्यात सुटते, पण बसते फक्त तिच्या जोडीदाराला. दोन्हींचा मेळ बसवणारा तुकडा ना गावाकडे होता ना आमच्याकडे. शेवटी टाकीजवळच्या एक इंची सार्वजनिक नळाला रबरी पाइप लावून गाडी भरत बसलो. पाऊण तास. डोक्यावर ५० हजार लिटर पाणी, समोर आग, आणि मध्ये अंगठ्याएवढी धार. तो पाऊण तास मी विसरू शकलेलो नाही.

घरं वाचली ती आमच्यामुळे नाही. पलीकडच्या घरातल्या एका बाईने पाठीवर कपाशीचा फवारणी पंप घेतला होता, बॅटरीचा, १६ लिटरचा. ती आगीवर फवारत नव्हती. आपल्या आणि शेजारणीच्या घराचे लाकडी वासे आणि दारापुढचं सरपण ओलं करत ती फिरत होती. पंप रिकामा झाला की तिची मुलगी घागर ओतायची. जे पेटलं ते गेलं, आता जे पेटायचं आहे ते भिजवायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. उभ्या गव्हात आग शिरली की आगीच्या पुढे जाऊन ट्रॅक्टरने आडवा नांगर फिरवणारी पोरंही मी पाहिली आहेत. उलटलेल्या काळ्या मातीवर आगीला जळायला काही उरत नाही. गाडी येईपर्यंत आग गावच लढतं, हे मी लोकांना धीर द्यायला सांगत नाही. माझ्या नोकरीत तेच पाहिलं आहे.

कापसाचं वेगळं सांगितलं पाहिजे, कारण आमच्याकडचे सगळ्यात लांबलेले कॉल जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचे. वेचणीत कापसाबरोबर बारीक खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो, जिनमध्ये घासला की ठिणगी. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे पाणी आत न मुरता वरून घरंगळतं. वरची आग विझते, लोक टाळ्या वाजवतात, आणि आत धग चालूच राहते. रुईची गाठ १७० किलोची, दाबून बांधलेली. तिच्या पोटात ठिणगी गेली की दोन-दोन दिवस ती आतल्या आत धुमसते, बाहेर धुराची रेघही दिसत नाही. गाठ फोडायची, रुई पसरायची, भिजवायची, मग पुढची गाठ. जेसीबी नसेल तर हातानेच. म्हणून आग विझली तरी आम्ही तिथून हलत नाही. मालकाला वाटतं, आता हे का थांबलेत?

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजावर स्फोटकांबरोबर कापसाच्या गाठीच होत्या. आग कापसात धुमसली आणि स्फोटकांपर्यंत गेली. ती विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आम्ही शर्टाला छोटा झेंडा लावतो, शाळांत जातो. मी मुलांना पुलगावचंही सांगतो, कारण ते आपल्या वर्धा जिल्ह्यातलं. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या दारूगोळा भांडारात आग लागली, त्यात जीव गेलेल्यांमध्ये अग्निशामक जवानच जास्त होते.

आता साधनांचं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरची सरकारी गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही. नियमामागचा विचार मला पटतो, पण आमची जुनी गाडी १५ वर्षांत फारशी पळालीच नव्हती. अग्निशमनच्या गाडीचं वय किलोमीटरवर मोजून चालत नाही, पंप किती तास चालला ते पाहावं लागतं. ती गेली आणि नवी येईपर्यंत आम्ही पाण्याच्या टँकरवर पोर्टेबल पंप बांधून कॉल केले. होज १५ मीटरचे, दहा. बाभळीच्या काट्यांनी त्यातले दोन-तीन नेहमी दुरुस्तीला. श्वसनयंत्राचे दोन संच आहेत, पण त्यांचे सिलिंडर भरायला हवेचा कॉम्प्रेसर आमच्याकडे नाही, जिल्ह्याला पाठवावे लागतात. आणि ते संच आगीपेक्षा विहिरीत जास्त लागतात. गाळ काढायला उतरलेला माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कंदील सोडून बघा, विझला नाही तर उतरा, असं जुनी माणसं सांगतात. प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो, हे खरं. पण विहिरीत डिझेल इंजिन चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्यात कंदील जळत राहतो नि माणूस पडतो. कृपा करून मागून उतरू नका. दोर सोडा, वर थांबा, आम्हाला बोलवा.

या यादीतल्या पुष्कळ गोष्टी पैशाच्या आहेत आणि त्या मागत राहावं लागेल. पण टाकीखालचा तो तुकडा फार पैशाचा नाही. त्या मार्चनंतर मी ग्रामपंचायतींकडे एकच गोष्ट मागायला लागलो: टाकीच्या पायपाला एक टी (तीन तोंडांचा जोड), त्यावर व्हॉल्व्ह आणि ६३ मिलिमीटरची मादी कपलिंग, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, गाडी उभी राहील अशा बाजूला. पाणी वरून आपोआप येतं, वीज असो वा नसो.

दिवाळीनंतर एका गावाने ती बसवली. गावचा नळवाला आणि मी दोघांनी मिळून चाचणी घेतली, गाडी रिकामी करून नेली होती. व्हॉल्व्ह उघडला आणि घड्याळ लावलं. नऊ मिनिटांत गाडीची टाकी भरून वरून सांडली. मग ग्रामपंचायतीत वाद झाला कुलपाचा. कुलूप नसेल तर पाणी चोरतील, कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे? पोलीस पाटलांकडे ठेवली आणि ते लग्नाला गेले तर? शेवटी व्हॉल्व्हच्या चाकाला बारीक तारेचं सील लावायचं ठरलं. गरज पडली की पकडीने तोडायचं, आणि तोडलेलं दिसलं की ग्रामपंचायतीने चौकशी करायची. ही तोड माझ्या डोक्यातली नाही, नळवाल्याची आहे.

काकांच्या गावची टाकी मी मागच्या रविवारी जाऊन पाहिली. खालच्या पायपाला जागा आहे, उत्तरेच्या बाजूला गाडीही उभी राहते. सरपंचांना अर्ज दिला आहे, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेतो म्हणाले. मी जाणार आहे. काकांना फोन केला तेव्हा म्हणाले, "येतो, पण पह्यले मले समजावून सांगा हे कपलिंग का असते ते." म्हणून जाताना दोन्ही तुकडे, नर आणि मादी, सोबत नेतो आहे.