गच्चीवरचा स्पीड डोम, नोंद तिसरी : प्रीसेट, फाटक आणि समोरच्या काकू

मागच्या नोंदीपर्यंत डोम, म्हणजे गोल कवचातला मोटरने फिरणारा सीसीटीव्ही कॅमेरा, नुसता गरगर फिरत होता. आता तो सांगितल्यावर फिरतो, सांगितल्यावर थांबतो आणि बहुतेक वेळा सांगितलेल्याच ठिकाणी थांबतो. यातली तिसरी गोष्ट जमवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, त्यामुळे ही नोंद मुख्यतः तिच्याबद्दल.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. कोथरूडमधली आमची जुनी चार मजली सोसायटी, गच्चीच्या कठड्याला लोखंडी ब्रॅकेट, आणि त्यावर जुन्या बाजारातून रविवारी उचललेला ॲनालॉग स्पीड डोम. आत सोनीचा एफसीबी जातीचा कॅमेरा ब्लॉक आहे: २६ पट ऑप्टिकल झूम, ३.५ ते ९१ मिलिमीटर. चित्र पाल दर्जाचं, म्हणजे ७२० बाय ५७६. ते यूएसबी कॅप्चर डोंगलमधून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात येतं, तिथे एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरचा याडिफ फिल्टर आडव्या रेघा काढून टाकतो आणि पुढे रेकॉर्डिंग होतं.

‘ॲपवर फिरणारा वाय-फाय कॅमेरा दोन-अडीच हजारांत मिळतो, मग हा उपद्व्याप कशाला?’ असं विचारणारे घरातच आहेत. त्या स्वस्त कॅमेऱ्यांत झूम बहुधा डिजिटल असतो, म्हणजे चित्र नुसतं ताणलेलं. आणि मोटरचा ताबा ॲपकडे असतो. इथे प्रत्येक बाइट मी पाठवतो. ज्यांना हे उत्तर पटत नाही त्यांच्यासाठी दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

आधी वीजपुरवठा. हा डोम २४ व्होल्ट एसीवर चालतो, डीसीवर नाही. ट्रान्सफॉर्मर जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीत आहे आणि तिथून डोमपर्यंत वायर ३० मीटर. आधीच्या कुठल्यातरी सीसीटीव्हीवाल्याने सोडून दिलेली ०.५ चौरस मिमीची वायर तिथे होतीच, पण हिशोब मांडला तर ती बाद झाली. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं म्हणजे सव्वादोन ओहमच्या आसपास. मोटर झटक्यात सुटताना दीड ॲम्पिअर ओढला तर सव्वातीन व्होल्ट वायरीतच खलास. मग डोम मध्येच रीसेट होतो आणि पुन्हा पहिल्यापासून स्वतःची चाचणी घेत फिरायला लागतो. लोक याला मोटरचा बिघाड समजून डोम भंगारात काढतात, आणि मग ते जुन्या बाजारात आपल्याला मिळतात, ही त्यातली चांगली बाजू. १.५ चौरस मिमीची वायर टाकली की हाच तोटा सव्वा व्होल्टच्या आत येतो. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने वायर मोजायच्या आधीच विचारलं, “लांबी किती आणि लोड किती?” अशा दुकानात दोन रुपये जास्त द्यायला माझी हरकत नसते.

आता संवाद. आरएस-४८५ या पद्धतीची दोन तारांची जोडी, २४०० बॉड (सेकंदाला २४०० बिट), पत्ता १, आणि पेल्को-डी प्रोटोकॉल, म्हणजे डोमला आज्ञा द्यायची ठरलेली भाषा. पत्ता आणि बॉड रेट डोमच्या बुडातल्या डिप स्विचवर ठरतात. ए आणि बी या खुणा वेगवेगळे उत्पादक उलटसुलट छापतात, त्यामुळे डोम ढिम्म असेल तर आधी दोन तारा अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही. लाइनच्या शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर. एवढ्या कमी अंतरावर तो नसला तरी चालून जातं, पण शेजारून लिफ्टच्या मोटरची वायर जात असेल तर लावलेला बरा.

पेल्को-डी इतका साधा आहे की वहीत आकडेमोड करून पाठवता येतो. एक आज्ञा म्हणजे सात बाइट. पहिला कायम एफएफ, दुसरा पत्ता, तिसरा-चौथा आज्ञेचे, पाचवा पॅनचा (आडव्या वळण्याचा) वेग, सहावा टिल्टचा (वर-खाली होण्याचा) वेग आणि सातवा चेकसम, म्हणजे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या बाइटांची बेरीज (बेरीज एका बाइटाबाहेर गेली तर वरचा भाग सोडून द्यायचा). उदाहरणार्थ, मध्यम वेगाने डावीकडे वळ:

एफएफ ०१ ०० ०४ २० ०० २५

थांब:

एफएफ ०१ ०० ०० ०० ०० ०१

पहिल्या प्रीसेटवर, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या जागेवर जा (इथे सहावा बाइट प्रीसेटचा नंबर):

एफएफ ०१ ०० ०७ ०० ०१ ०९

हे सगळे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत. सातव्या बाइटात एका आकड्याची चूक झाली तरी डोम आज्ञा गिळून गप्प बसतो. ‘कळलं नाही’ असंही म्हणत नाही.

यातली खरी गोम थांबण्याची आहे. ‘पाच अंश डावीकडे जा’ अशी आज्ञा मूळ पेल्को-डीमध्ये नाही. ‘डावीकडे फिरायला लाग’ एवढीच आहे, आणि थांब येईपर्यंत डोम फिरतच राहतो. थांबचा निरोप वाटेत बिघडला तर गच्चीवर प्रदक्षिणा चालू. म्हणून पायवरच्या पायथन प्रोग्रॅममध्ये मी नियम असा घातला आहे: गेमपॅडची दांडी सरकवलेली असेल तोवर दर १०० मिलिसेकंदांनी आज्ञा पुन्हा जाते, ३०० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर प्रोग्रॅम स्वतःहून थांब पाठवतो, तेही दोनदा. माझ्या डोममध्ये संवाद एकतर्फी आहे, पोच येत नाही, तेव्हा दोनदा सांगणं रास्त.

गेमपॅड जोडला की पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं की झूम आणि वेग यांची सांगड घातल्याशिवाय काही खरं नाही. पूर्ण वाइडला (झूम नसताना) आडवा कोन ५४ अंशांच्या आसपास असतो, पूर्ण टेलीला (झूम शेवटपर्यंत नेल्यावर) जेमतेम २.२. सेकंदाला ४० अंशांनी पॅन केलं तर वाइडमध्ये चौकट ओलांडायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि टेलीमध्ये सेकंदाचा अठरावा भाग. म्हणजे दांडीला नुसता धक्का लागला तरी समोरची इमारत गायब आणि पडद्यावर आकाश. त्यामुळे झूम जितका जास्त, तितका पॅनचा कमाल वेग कमी. पण झूम कुठे आहे हे डोम सांगत नाही, म्हणून प्रोग्रॅम झूमचं बटण किती वेळ दाबलं यावरून अंदाज ठेवतो आणि अधूनमधून पूर्ण वाइडला नेऊन शून्यावर आणतो. ढोबळ आहे, पण हाताला बरं वाटतं. या एका बदलाने डोम नवा झाल्यासारखा वागायला लागला.

आता प्रीसेट. डोम सांगितलेल्या जागी परत येतो का, हे तपासायला लांबची, स्थिर आणि बारीक खूण हवी. आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. हवाई अंतर १६-१७ किलोमीटर. पूर्ण टेलीला त्या अंतरावर एक पिक्सेल म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर, त्यामुळे मनोरा अगदी सडपातळ रेघ म्हणून दिसतो. मोजायला याहून चांगली खूण कोथरूडात मिळणार नाही. फक्त पाऊस पडून गेल्यावरची स्वच्छ सकाळ पकडावी लागते. दुपारी तापलेल्या पत्र्यांवरची हवा हलते आणि मनोरा नाचायला लागतो, आणि थंडीत धुरकं असलं की सिंहगडच नसतो.

निकाल असा: डावीकडून प्रीसेटवर आलं की मनोरा मध्यावर. उजवीकडून आलं की सुमारे ५० पिक्सेल बाजूला. म्हणजे ०.१५ अंशांचा फरक, आणि तो दरवेळी तेवढाच. दरवेळी तेवढाच आहे म्हणजे मोटर पावलं चुकवत नाही, हा गिअरच्या दातांमधला आणि पट्ट्यातला ढिलेपणा आहे. पट्टा ताणून थोडा कमी होतो, पण फार ताणला तर बेअरिंगवर भार येतो. दुर्बिणवाले आकाशदर्शन करताना जे करतात तेच इथे केलं: लक्ष्यावर नेहमी एकाच बाजूने यायचं. प्रत्येक प्रीसेटच्या थोडं डावीकडे एक चोर प्रीसेट साठवला आहे. आधी तिथे जायचं, क्षणभर थांबायचं, मग खऱ्यावर. आता मनोरा चार-पाच पिक्सेलांच्या आत येतो.

हा सगळा खटाटोप फाटकासाठी गरजेचा आहे का? नाही. फाटक गच्चीपासून २५ मीटरवर. तिथे ०.१५ अंश म्हणजे साडेसहा सेंटिमीटर, कोणाला कळणारही नाही. पण छंदाला फाटक पुरत नाही.

फाटकावरून मूळ मुद्द्याकडे येतो. २६ पट झूमचं कौतुक विकणारे करतात. इथे हिशोब वेगळाच निघाला. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यावा यासाठी सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६२६७६-४ च्या २०१४ च्या आवृत्तीत, मीटरमागे २५० पिक्सेल धरले होते. नुसतं ‘कोणीतरी आहे’ कळायला २५. माझ्या ७२० पिक्सेलांत २५० हवे असतील तर चौकटीत जेमतेम २.९ मीटर मावतात. २५ मीटरवर त्यासाठी ९ पट झूम पुरे. पण त्या क्षणी डोमला फाटकाच्या एका झडपेखेरीज जगात दुसरं काही दिसत नाही. पार्किंग, कंपाउंडची भिंत, मागचा बोळ, सगळं अंधारात. सगळीकडे बघू शकणारा कॅमेरा कुठल्याही क्षणी एकाच ठिकाणी बघत असतो. म्हणून पीटीझेडमध्ये (पॅन-टिल्ट-झूम कॅमेऱ्यात) सगळ्यात महत्त्वाचा प्रीसेट कोणता, तर कोणीच चालवत नसताना तो जिथे परत जातो तो.

माझं होम असं आहे: जवळपास पूर्ण वाइड, फाटक डावीकडच्या एक तृतीयांश भागात, पार्किंग उजवीकडे. चेहरे ओळखू येत नाहीत, हालचाल दिसते. फाटकाला रीड स्विच (चुंबक जवळ-लांब गेला की चालू-बंद होणारा) आणि चुंबक लावला आहे, त्याला ईएसपी८२६६ ही वाय-फायची छोटी चिप. फाटक उघडलं की एमक्यूटीटीवरून (यंत्रांनी एकमेकांना छोटे निरोप द्यायची पद्धत) पायला निरोप, आणि डोम ९ पटवाल्या प्रीसेटवर. अर्धं मिनिट थांबून परत होम. आत येणारा माणूस झडप लावायला वळतो तेवढ्यात डोम पोचलेला असतो. रात्रपाळीचे वॉचमनमामा मुद्दाम फाटक उघडून वर बघतात आणि हात हलवतात. आता तोच माझा रोजचा टेस्ट रिपोर्ट.

आपोआप गस्त घालण्याची सोय डोममध्ये आहे. चार प्रीसेट, प्रत्येकी दहा सेकंद, फिरत राहा. मी ती बंद ठेवली आहे. एक तर चौघांतल्या प्रत्येक जागेकडे तीन चतुर्थांश वेळ पाठ असते. दुसरं, प्रत्येक थांब्यावर ऑटोफोकस दोन सेकंद चाचपडतो. तिसरं, अखंड फिरणाऱ्या डोममध्ये वीज आणि चित्र स्लिप रिंगच्या घासत्या संपर्कातून येतं, आणि ती झिजते. शिवाय पॅन चालू असताना पूर्ण चौकट बदलते, त्यामुळे एच.२६४ चा (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, उसळतो. होमवर स्थिर असताना २ एमबीपीएसवर चांगलं चित्र मिळतं, म्हणजे दिवसाला २१-२२ जीबी. गस्तीत त्याच बिटरेटमध्ये चित्राचे चौकोन पडतात. गणपतीच्या दहा दिवसांत मांडवाकडे वर्दळ असते तेव्हा गस्त लावा अशी मागणी आली होती. मी वॉचमनमामांना गेमपॅड दिला. ते गस्तीपेक्षा कितीतरी बरं काम करतात.

समोरच्या काकूंचं प्रकरण. “तो भोपळा आमच्या गॅलरीकडे का बघतोय हो?” हा प्रश्न थेट मासिक बैठकीत आला. डोमचं कवच काळपट आहे, आत लेन्स कुठे वळली आहे ते बाहेरून दिसत नाही, तेव्हा प्रश्न वाजवी होता. बऱ्याच डोमांमध्ये ९५ नंबरचा प्रीसेट बोलावला की मेनू उघडतो. तिथे खिडक्यांवर काळे मास्क लावता येतात आणि ते डोमबरोबर सरकतात. पण वेगात पॅन केलं की मास्क क्षणभर मागे राहतो. त्यामुळे मी मास्क लावले, तेही खिडकीपेक्षा मोठे, आणि वर पॅनच्या दोन्ही बाजूंच्या लिमिट लावल्या. गेमपॅडने कितीही रेटलं तरी डोम समोरच्या इमारतीकडे वळत नाही. एखाद्याच्या खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सेक्रेटरींनी बैठकीत वाचून दाखवलं. रेकॉर्डिंग दहा दिवसांत पुसलं जाईल आणि बघायचं असेल तर दोन समिती सदस्य हजर हवेत, असा ठरावही झाला.

मग काकूंना गच्चीवर नेलं, गेमपॅड हातात दिला. डावीकडे, उजवीकडे, लिमिटला आपटून परत. समाधान झालं. आणि लगेच, “मग आमच्या दुधाच्या पिशव्या पहाटे कोण नेतं, ते कसं दिसणार?” म्हटलं, आता नाही दिसणार. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती कुठल्याच मेनूत नाही.

वळवाच्या पावसाआधी करायची कामं: डेटाच्या जोडीवर सर्ज प्रोटेक्टर आणि शील्डचं (वायरीवरच्या धातूच्या आवरणाचं) अर्थिंग फक्त एका टोकाला. दोन्ही टोकांना केलं तर गच्ची आणि खालचं अर्थ यांच्यातला फरक शील्डमधून वाहतो. कवचाच्या आतली सिलिका जेलची पुडी बदलायची, नाहीतर पहाटे आतून दव धरतं. कवच पिवळट होतं, ते हेडलाइट पॉलिशने बरंचसं साफ झालं. मात्र लेन्स क्षितिजापर्यंत वर उचलली की कवचाचा गोल भाग जिथे सरळ होतो तिथून बघावं लागतं आणि चित्र दुहेरी येतं. सिंहगडाची मोजमापं मी कवच काढून केली आहेत, हे वरच्या आकड्यांबरोबर लक्षात ठेवा.

पुढचा टप्पा, माणसामागे आपोआप वळणं. फ्रिगेट या कॅमेरा-रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ०.१३ आवृत्तीपासून ऑटोट्रॅकिंग आहे, पण त्याला ऑनव्हिफवर (नेटवर्क कॅमेऱ्यांची सामायिक भाषा) चालणारा आणि चौकटीच्या मापात सापेक्ष हालचाल समजणारा कॅमेरा लागतो. माझ्या डोमला ऑनव्हिफ माहीतच नाही. पायवर ऑनव्हिफचा दुभाष्या लिहिता येईल, पण डोम स्वतःचा कोन सांगत नसेल तर तो दुभाष्या अंदाजपंचेच बोलणार. विस्तारित पेल्को-डीमध्ये ५१, ५३ आणि ५५ या आज्ञांनी पॅन, टिल्ट आणि झूमची जागा विचारता येते. माझ्या डोमच्या बोर्डवर आठ पायांची ४८५ ची चिप आहे, म्हणजे पाठवण्याची सोय निदान तत्त्वतः आहे; तिचा दिशा ठरवणारा पाय कायम ‘ऐक’वर बांधलेला दिसतो. तो ट्रॅक कापून कंट्रोलरच्या मोकळ्या पायाला जोडला तरी फर्मवेअर उत्तर देणार का, हे कापल्याशिवाय कळायचं नाही. त्याआधी तसाच एखादा दुसरा, मेलेला का होईना, डोम हाताशी हवा. कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन.