६०,००० डॉलरची सेटलमेंट, हातात किती?

अमेरिकेत गाडीच्या अपघाताची केस वकिलाकडे नेली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: पैसे मिळाले नाहीत तर फी नाही. ते खरंच असतं. पण त्यात खर्चाचा उल्लेख नसतो, आणि हॉस्पिटलच्या बिलांचा तर नसतोच.

फी साधारण एक तृतीयांश. कोर्टात दावा दाखल झाला की बऱ्याच करारांत ती ४० टक्क्यांवर जाते. करार लेखी असावा लागतो, आणि सही करण्याआधी त्यात एक ओळ शोधायची: फी खर्च वजा करण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या? ६०,००० च्या सेटलमेंटवर, म्हणजे तडजोडीत मिळालेल्या रकमेवर, रेकॉर्ड मागवणं, तज्ज्ञांचा अहवाल वगैरे खर्च ३,००० असेल, तर पहिल्या पद्धतीने फी २०,०००, दुसऱ्या पद्धतीने १९,०००. न्यू जर्सीत दुसरी पद्धत कोर्टाच्या नियमानेच बंधनकारक आहे. तिथे पहिल्या ७,५०,००० डॉलरपर्यंत फी एक तृतीयांशाच्या वर नेता येत नाही.

आता बिलं. चेक आधी वकिलाच्या ट्रस्ट खात्यात (अशिलांचे पैसे वेगळे ठेवण्याचं खातं) जमा होतो, आणि तिथूनच वाटप होतं. पहिल्या पद्धतीने फी आणि खर्च गेल्यावर उरतात ३७,०००. समजा हॉस्पिटलचा लीन (बिलापोटी सेटलमेंटच्या पैशांवर असलेला कायदेशीर हक्क) १४,०००, हेल्थ इन्शुरन्सने भरलेले ६,००० परत मागितलेले, आणि एमआरआय सेंटरचे १,८०० बाकी. हातात आले १५,२००. सगळी बिलं तुमच्या वाट्यातून गेली, वकिलाची फी जागची हलली नाही. म्हणून बिलं कमी करून घेण्याची निकड तुम्हाला जास्त असते, आणि ते काम कोण करणार, त्याचे वेगळे पैसे लागणार का, हे आधीच विचारून ठेवावं.

घासाघीस करायची ती पैसे ट्रस्ट खात्यात असताना. एकदा वाटप झालं की समोरच्याला घाई उरत नाही. हेल्थ प्लॅनला सांगायचं की पैसे मिळवण्याचा खर्च तुम्हीही उचला: फी आणि खर्च मिळून २३,०००, म्हणजे ६०,००० च्या ३८.३३ टक्के. तेवढी सूट दिली तर ६,००० चे ३,७०० होतात. हॉस्पिटल ९,००० वर तयार झालं, तर हातात २२,५००. वकिलाच्या ऑफिसातून गेलेल्या चार पत्रांचे हे ७,३०० डॉलर.

मोठ्या कंपन्यांचे हेल्थ प्लॅन बहुधा सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे क्लेमचे पैसे कंपनी स्वतःच भरते, आणि आपले आयटीवाले बहुतेक त्यांतच. तिथे राज्याचे सवलतीचे कायदे लागत नाहीत, प्लॅनच्या कागदात जे लिहिलंय ते चालतं. पण त्या कागदात वकिलाच्या फीबद्दल अवाक्षर नसेल तर फीचा वाटा प्लॅनलाही सोसावा लागतो. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल तसा आहे. म्हणून सारांशाच्या पुस्तिकेवर भागवू नका, मूळ प्लॅन डॉक्युमेंट लेखी मागा.

आईवडील मेडिकेअरवर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असतील तर फी-खर्चाच्या प्रमाणात कपात सूत्रानेच होते, विनवण्या लागत नाहीत. मात्र मेडिकेअर परत मागते त्या खर्चाच्या यादीत मधुमेहाच्या तपासण्या, मोतीबिंदू असलं अपघाताशी संबंध नसलेलंही घुसलेलं असतं. एकेक ओळ तपासून हरकत घ्यायची. अंतिम मागणीपत्रानंतर ६० दिवसांत पैसे भरले नाहीत तर व्याज लागतं, तेही पत्राच्या तारखेपासून.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सुट्या बिलांचा. इमर्जन्सीत एकदा गेलात तरी हॉस्पिटल, तिथला डॉक्टर, एक्स-रे वाचणारा आणि ॲम्ब्युलन्स यांची बिलं वेगवेगळी येतात. वकिलाला हॉस्पिटल माहीत असतं, रेडिओलॉजिस्ट नसतो. मध्ये घर बदललं तर बिल जुन्या पत्त्यावर जातं आणि थेट कलेक्शनवाल्याचा, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्याचा, फोन येतो. त्यामुळे सेटलमेंटवर सही करण्याआधी सगळ्यांकडून येणे रकमेचा हिशेब (लेजर) मागवा, आणि पैसे दिल्यावर बाकी शून्य असल्याचं पत्र घ्या. तोंडी 'झालं, मिटलं' याला काडीची किंमत नाही. रिलीजच्या कागदात (पुढे दावा करणार नाही असं लिहून देण्याच्या) सगळे लीन फेडण्याची जबाबदारी बहुतेक वेळा तुमच्याच गळ्यात घातलेली असते.

काही हॉस्पिटलं हेल्थ इन्शुरन्सला बिल पाठवायचं टाळून सरळ लीन लावतात. कारण उघड आहे: इन्शुरन्सने ठरवलेल्या दरापेक्षा छापील दर कितीतरी चढा असतो. टेक्ससमध्ये अपघातानंतर ७२ तासांच्या आत दाखल झालात तर हॉस्पिटलला असा लीन मिळतो, आणि तो काउंटी क्लार्ककडे (जिल्ह्याच्या नोंदी ठेवणारा अधिकारी) नोंदवावा लागतो. नोंद खरंच आहे का, वेळेत झाली का, हे वकिलाला तपासायला लावा. आणि पहिल्याच आठवड्यात बिलिंग ऑफिसला इन्शुरन्स कार्डाची प्रत पाठवून पोच ठेवा. इन्शुरन्सकडे क्लेम पाठवायची मुदत काही प्लॅनमध्ये ९० दिवसांचीच असते. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलने ती चुकवली तर करारानुसार सहसा त्याला ते बिल पेशंटकडून वसूल करता येत नाही, पण कार्ड वेळेत दिल्याचा पुरावा तुम्हालाच दाखवावा लागतो.